फडताळातल्या दोन गोळ्या

लाल त्रिकोण आम्हाला अक्षरओळखीच्याही आधी ओळखता येत होता. एसटी स्टँडच्या भिंतीवर, सरकारी दवाखान्याच्या फाटकावर, पाण्याच्या टाकीवर, टोक खाली करून रंगवलेला. साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेली आमची सगळी पिढी त्याच्या देखत मोठी झाली. पण त्याचा अर्थ घरात विचारला की उत्तर एकच मिळायचं, "ते मोठ्यांचं आहे." रेडिओवर कुटुंबनियोजनाचं काही लागलं की आजी बटण फिरवायची. पुढे टीव्ही आला, त्यावर माला-डी या गर्भनिरोधक गोळीची जाहिरात आली, आणि ती लागली की आजोबांना तहान लागायची, कुणीतरी पाणी आणायला उठायचं, कुणीतरी उगाच खिडकी लावायला जायचं.

खरं बोलणं दुपारी व्हायचं. जेवणं आवरलेली, पुरुष कामावर गेलेले, माजघरात गव्हाचं सूप नाहीतर वातींचा कापूस. आम्ही मुली कोपऱ्यात 'चांदोबा' उघडून बसायचो आणि एक अक्षर वाचायचो नाही. थोरल्या काकूने लूप बसवून घेतला होता. १९६५ पासून सरकारने त्याचा मोठा प्रचार केला, त्यातलाच तो. पाठ दुखते, अंगावरून फार जातं म्हणून तिने तो वर्षभरात काढून टाकला. आईने दोन मुलांनंतर तांबी बसवली. आत्याचं ऑपरेशन झालं. गोळ्या आल्या त्या धाकट्या काकूच्या वेळेला, ऐंशीच्या दशकात. तिचं नवं लग्न, काकाची नोकरी कच्ची, दोघांनाही लगेच मूल नको होतं.

सरकारच्या नावाची तेव्हा अजून धास्ती होती. आणीबाणीतल्या नसबंदीच्या गोष्टी ताज्या होत्या. १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही, एवढंच. त्यामुळे दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन घेण्यापेक्षा औषधाच्या दुकानातून स्वस्तातली माला-डी आणलेली बरी, असं धाकट्या काकूने ठरवलं. दोन्हींत औषध तेच असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते पाकीट तिने फडताळात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं. आम्हाला ते माहीत होतं. घरातल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. त्यावर बोलायचं मात्र दुपारीच.

त्याच फडताळात, वरच्या कप्प्यात, बाम आणि थर्मामीटरच्या शेजारी दुसऱ्या गोळ्या असायच्या, आणि त्यांचं नाव घरात खुशाल मोठ्याने घेतलं जायचं. श्रावण संपत आला की आई, काकू, आत्या भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभ्या राहून हिशेब करायच्या. गौरी कधी, माझी तारीख कधी, तुझी कधी. आमच्याकडे गौरींचं सोवळं कडक. आवाहनाला, पूजनाला, पुरणाच्या स्वयंपाकाला बाई हवी आणि ती 'बाजूला' बसलेली नको. मग जिची तारीख अडचणीची तिच्यासाठी आजी स्वतः काकाला सांगायची, "औषधाच्या दुकानातून त्या पुढे ढकलायच्या गोळ्या आण रे." जिने रेडिओचं बटण फिरवलं तीच आजी. लग्नकार्य, मुंज, सत्यनारायण, तुळजापूरची वारी, सगळीकडे ही गोळी आपल्या घरांनी विश्वासाने वापरली, अजून वापरतात. आमच्यापैकी कित्येकींनी शाळेत असतानाच ती पहिल्यांदा घेतली, आईच्या हातून, डॉक्टरचं तोंडही न बघता.

त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं. १९५१ साली मेक्सिको सिटीतल्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा तयार झालं, आपल्या कोनफळाच्या कुळातल्या एका जंगली कंदातल्या द्रव्यापासून सुरुवात करून. जगातल्या सुरुवातीच्या गर्भनिरोधक गोळ्यांपैकी काहींमध्ये हेच औषध होतं. म्हणजे देवासाठी आणलेली गोळी आणि शालूच्या घडीत लपवलेली गोळी एकाच घराण्यातल्या. पाळी येते ती बीज बाहेर पडल्यानंतर तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरते तेव्हा. बाहेरून त्याच जातीचं संप्रेरक, म्हणजे प्रोजेस्टिन, दिलं की गर्भाशयाचं अस्तर धरून राहतं. म्हणून पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीन वेळा पाच मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. अशी काही दिवस घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नसते. आणि या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे जिला पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे तिने ती डॉक्टरला न विचारता घेऊ नये. आमच्या घरात दर भाद्रपदात ती घेतली गेली आणि यातलं एकही वाक्य कुणी कुणाला सांगितलं नाही. आजीला ठाऊक नव्हतं. दुकानदाराने कधी सांगितलं नाही.

धाकट्या काकूच्या पाकिटाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. अठ्ठावीस गोळ्या, एकवीस पांढऱ्या आणि सात तपकिरी. आमच्या वाड्यात पक्कं मत होतं की तपकिरी गोळीने पाळी येते. काकू त्या सात दिवसांत गोळी चुकली तर घाबरायची आणि पांढरी चुकली तर म्हणायची, "उद्या दोन घेईन." तपकिरी गोळीत फक्त लोह असतं. पांढऱ्या गोळ्यांतली संप्रेरकं थांबतात म्हणून त्या आठवड्यात रक्तस्राव होतो. तपकिरी गोळी घेतली काय, न घेतली काय, तो होणारच. ती असते बाईच्या अंगात रक्त भरावं म्हणून आणि रोजची सवय मोडू नये म्हणून. सवय मोडून नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू करणं, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

कारण पांढरी गोळी मेंदूशी बोलत असते. मेंदूच्या तळाशी पियुषिका नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. दर महिन्याला ती अंडाशयाला एक संप्रेरक पाठवते, त्याने बीजाची पुटिका वाढते. वाढत्या पुटिकेतून इस्ट्रोजेन येतं, ते पुरेसं चढलं की पियुषिकेतून दुसऱ्या संप्रेरकाची, एलएचची, मोठी लाट उठते आणि बीज बाहेर पडतं. माला-डीच्या पांढऱ्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिऑल असतं. ही दोन रोज रक्तात राहिली की मेंदू आपला हुकूम आवरता घेतो. पुटिका वाढत नाही, लाट उठत नाही, बीज सुटत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट होतो, त्यातून शुक्राणूंना वाट मिळत नाही, आणि आतलं अस्तर पातळ राहतं. सात दिवसांची सुट्टी मेंदूला चालते; सुट्टी लांबली की पुटिका पुन्हा डोकं वर काढतात.

हे समजलं असतं तर कोकणातल्या आमच्या मावशीवर वेळ आली नसती. तिचे यजमान मुंबईत चाकरीला. शिमगा, मे महिना आणि गणपती, एवढेच घरी यायचे. मावशी ते असतील तेवढेच दिवस गोळी घ्यायची. "नवरा नाही तर गोळी कशाला?" हा तिचा प्रश्न अगदी सरळ होता, आणि गोळी देणाऱ्या बाईने त्याचं उत्तर दिलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला तिला दिवस गेले, आणि घरात शिक्कामोर्तब झालं, गोळ्या कामाच्या नाहीत. अगदी नेमाने घेतली तर वर्षभरात हजारातल्या तीनेक बायकांनाच दिवस राहतात. रोजच्या जगण्यातल्या विसराविसरीसकट मोजलं तर शंभरातल्या सातएक जणींना. एक गोळी चुकली तर आठवताक्षणी घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी. सलग दोन किंवा जास्त चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोधसारखं दुसरं साधन वापरायचं. एवढी चार वाक्यं. मावशीचं सबंध आयुष्य त्यांच्याविना गेलं.

आता त्रासाचं. दुपारच्या त्या बैठकीत जे बोललं जायचं ते मला आज एकेक आठवतं आणि त्या बायकांबद्दलचा आदर वाढत जातो. धाकट्या काकूला पहिल्या महिन्यात सकाळी मळमळायचं. आजीने ते पाहिलं आणि तिच्या पानात लोणच्याची फोड आवर्जून पडू लागली. काकूला खरं सांगता येईना. इस्ट्रोजेनने मळमळतं, रात्री जेवणानंतर गोळी घेतली की पुष्कळदा कमी होतं, आणि दोन-तीन महिन्यांत शरीर सरावतं. शेजारच्या वहिनींना मधेच डाग दिसायचे. सुरुवातीच्या तीन महिन्यांत ते नेहमीचं आहे. कुणाची छाती दुखरी व्हायची. कुणाच्या गालांवर वांग यायचा आणि ती मसूरडाळीचं पीठ दुधात कालवून लावायची. गोळीने येणारा वांग उन्हाने गडद होतो, त्यामुळे डोक्यावरचा पदर त्याला पिठापेक्षा जास्त उपयोगी. आणि सगळ्यांचं एकमत असायचं की गोळ्या 'उष्ण पडतात'. मग भिजवलेला सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, गुलकंद. त्यांनी नोंदलेल्या जवळजवळ सगळ्या तक्रारी आज औषधाच्या माहितीपत्रकात जशाच्या तशा छापलेल्या आहेत. बायकांनी त्या आपल्या शरीरावरून, कुणाच्या मदतीशिवाय, बरोबर टिपल्या होत्या.

एक मात्र त्या अगदी हळू आवाजात बोलायच्या. "मला काही गोड लागत नाही गं. उगाच रडू येतं." हे वहिनींचं वाक्य. त्यावर काकू म्हणाली, "नवऱ्याजवळही जावंसं वाटत नाही." मग सगळ्या गप्प झाल्या आणि कुणीतरी चहाचं आधण ठेवायला उठलं. गोळीने मन उतरणं, इच्छा कमी होणं काही जणींना होतं, सगळ्यांना होत नाही, आणि किती जणींना होतं यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण जिला होतं तिला ते खरंच होतं. तिने दुसरी गोळी किंवा दुसरं साधन मागावं आणि तिला ते मिळावं, इतकं साधं आहे हे. वहिनींना डॉक्टर म्हणाले होते, "मनाचे खेळ आहेत."

हे उत्तर त्या डॉक्टरांनी शोधून काढलेलं नव्हतं. १९५६ मध्ये पोर्तो रिको बेटावरच्या गरीब वस्तीत जगातल्या पहिल्या गोळीची मोठी चाचणी झाली. ती गोळी आजच्या मानाने प्रचंड ताकदीची, जवळजवळ दहा मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची. माला-डीत इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आहे. त्या बायकांना हा प्रयोग आहे हे सांगितलेलं नव्हतं. त्यांना मळमळलं, गरगरलं, डोकी दुखली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी ते लिहून कळवलं, पण मुख्य शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनी बऱ्याच तक्रारी मनाच्या म्हणून बाजूला सारल्या. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला मंजुरी मिळाली. पुढे १९७० मध्ये तिच्या धोक्यांवर तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या तेव्हा साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती, म्हणून तरुण मुलींनी सभागृहात उभं राहून आरडाओरडा केला. पाकिटात माहितीचा कागद घालण्याची सक्ती त्यानंतर आली. आपल्याकडे १९८० च्या दशकात बायकांच्या संघटना टोचणीच्या गर्भनिरोधकाच्या चाचण्यांवरून सुप्रीम कोर्टात गेल्या, तो झगडाही याच मुद्द्याचा होता. जिच्या शरीरात औषध जाणार तिला आधी सगळं सांगा.

जे सांगायलाच हवं होतं ते आमच्या माजघरात कधी पोचलंच नाही. तिथली मोठी भीती होती ती 'गोळ्या घेतल्या की पुढे मूल होत नाही' ही. ती खोटी. माला-डी थांबवली की बहुतेक बायकांचं चक्र एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होतं. दुसरी भीती अंग सुटण्याची. दोन्ही संप्रेरकांच्या गोळीने वजन बरंच वाढतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. खरा धोका होता रक्ताच्या गुठळीचा. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण बायकांत वर्षाला दोनेक जणींना पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी होते. माला-डीसारखी गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. काही नव्या प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी नऊ ते बारा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका त्याहून जास्त असतो, तेव्हा घाबरून गोळी फेकून द्यायचं कारण नाही. पण एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

तसंच रक्तदाब. तो न मोजता गोळी देऊ नये, हे पुस्तकात पहिल्यापासून आहे. आमच्या घरात कुणाचाही कधी मोजला नव्हता. पस्तिशीपुढे सिगारेट-विडी ओढणाऱ्या बाईने ही गोळी घेऊ नये, हृदयविकार आणि पक्षाघाताची भीती वाढते. आमच्याकडे विडी कोण ओढणार? पण सकाळ-दुपार मिसरी लावणाऱ्या बायका प्रत्येक वाड्यात होत्या, आणि तीही तंबाखूच. डॉक्टरपुढे बसल्यावर ती सांगायला हवी. बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने इस्ट्रोजेनची गोळी नको, दूध कमी होऊ शकतं. आणि क्षयाच्या औषधातल्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे चाळीतल्या पोरांनाही ठाऊक असायचं, पण तेच औषध यकृताला गोळीतली संप्रेरकं झपाट्याने संपवायला लावतं आणि गोळी निकामी करतं, हे क्षयाचा कोर्स घेणाऱ्या किती बायकांना सांगितलं गेलं? फिट्सच्या काही औषधांचंही तेच.

या सगळ्याचा दुसरा काठही आहे, आणि तो लपवणं अन्यायाचं होईल. काकूची पाळी आधी आठ-आठ दिवस चालायची, दोन दिवस ती भिंतीला पाय लावून पडलेली असायची. गोळीवर असताना ती चार दिवसांवर आली आणि पोटात दुखणं थांबलं. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळीने कमी होतो आणि ती थांबवल्यावरही अनेक वर्षं कमी राहतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी घेत असेपर्यंत किंचित वाढतो. आणि काकूने बी.एड. पुरं केलं ते गोळीवरच्या त्या अडीच-तीन वर्षांतच. तिला विचाराल तर ती हेच आधी सांगेल.

आपल्या भाषेत हे सगळं उघड बोलायची सुरुवात फार आधी झाली होती, म्हणून जास्त हळहळ वाटते. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, प्राध्यापकी गमावली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शकुंतला परांजपे पुण्यात बायकांना साधनं समजावत. कर्वे १९५३ मध्ये गेले, गोळी येण्याच्या सात वर्षं आधी. ती आली तेव्हा तिची माहिती देणारं मराठी मासिक आमच्या कोणाच्याही घरात नव्हतं. कर्व्यांचं नाव आम्ही प्रथम ऐकलं ते कॉलेजात.

आता साधनं वाढली आहेत. लखनौच्या संस्थेत शोधलेली 'सहेली' सरकारी दवाखान्यात 'छाया' नावाने मिळते. तिच्यात संप्रेरक नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, पाळी लांबते. 'अंतरा'ची सुई दर तीन महिन्यांनी. तिने पाळी अनियमित होते, पुढे थांबतेही, वजन वाढू शकतं, आणि ती सोडल्यावर दिवस राहायला काही महिने, कधी वर्षभरही लागतं. संबंधानंतर बाहत्तर तासांत घ्यायची गोळीही आहे. ती जितकी लवकर घ्यावी तितकी चालते, बीज सुटणं लांबवते, आणि नेहमीचं साधन म्हणून ती वापरायची नसते.

अलीकडेच भाचीने लग्न ठरल्यावर घरातल्या सगळ्या बायकांच्या ग्रुपवर विचारलं, "डॉक्टरांनी घरातला इतिहास विचारलाय. कुणाला काय काय झालं होतं, सांगाल का?" साठी ओलांडलेल्या धाकट्या काकूने आधी उत्तर दिलं. तिला बाळंतपणानंतर डावी पोटरी सुजून हेपॅरिनची इंजेक्शनं घ्यावी लागली होती. आम्ही आजवर ती 'शीर चढली' एवढंच समजत होतो. आईने लिहिलं की तिला तरुणपणी अर्धशिशी होती, आणि डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकणाऱ्या रेषा यायच्या. त्याखाली भाचीचा निरोप आला, "आजी, मलाही येतात त्या. मला वाटायचं मोबाइलमुळे." अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनची गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. डॉक्टरांनी तिला नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी आणि तांबी असे दोन पर्याय समजावले, दोन्हींचे त्रासही सांगितले, आणि विचार करायला पंधरा दिवस दिले. ती तांबी घेणार आहे. पहिले काही महिने पाळीत जास्त जातं म्हणतात, तर तुला किती जात होतं, हे ती आता आईला विचारते आहे, आणि आई तिला आठवून आठवून सगळं सांगते आहे, बाबा समोर पेपर वाचत बसलेले असताना.